वेस्ट्रे बेटावरची घराणी : वंशावळ नेमकी कशासाठी?

मार्च २०२३ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन आणि एडिंबरा विद्यापीठांच्या संशोधकांनी एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्यांचे आजी-आजोबा वेस्ट्रे या लहानशा बेटावरचे आहेत, अशा दर शंभर माणसांमागे साधारण एकाच्या पेशींत बीआरसीए-१ या जनुकातील एक विशिष्ट सदोष प्रत आढळते. ही प्रत ज्या स्त्रीत असते तिला स्तनाचा आणि बीजांडकोशाचा कर्करोग होण्याची शक्यता इतर स्त्रियांच्या तुलनेत पुष्कळ वाढते. निष्कर्षापाठोपाठ तेथील सरकारी आरोग्यसेवेने एक निर्णय घेतला. आजी-आजोबांपैकी एक जण जरी वेस्ट्रेवर जन्मलेला असेल, तरी त्या व्यक्तीला ही चाचणी मोफत मिळेल. घरात पूर्वी कोणाला कर्करोग झाला होता की नाही, याची अट राहणार नाही.

सहाशेच्या आसपास लोकसंख्या असलेल्या बेटावरची ही घटना. भारतातील बातम्यांत तिला फारशी जागा मिळण्याचे कारण नव्हते. तरीही भारतातील विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ती बारकाईने अभ्यासावी अशीच आहे. पूर्वजांचा शोध घेण्याची हौस सर्वत्र असते आणि जनुकशास्त्राने त्या हौशीला नवे साधन दिले आहे. त्या साधनाने काय शोधायचे आणि सापडलेले ज्ञान कोणाच्या उपयोगी पडायचे, या प्रश्नाचे एक ठोस उत्तर वेस्ट्रेवरील घराण्यांच्या कथेत मिळते.

वेस्ट्रे हे ऑर्कनी द्वीपसमूहातील एक बेट. स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे, अटलांटिक महासागर आणि उत्तर समुद्र जेथे एकमेकांना भेटतात, तेथे सुमारे सत्तर बेटांचा हा समूह पसरलेला आहे. त्यांपैकी वीसएक बेटांवरच मनुष्यवस्ती आहे. वेस्ट्रेचे क्षेत्रफळ सुमारे ४७ चौरस किलोमीटर. झाडे जवळपास नाहीत, वारा बाराही महिने, आणि उपजीविका प्रामुख्याने गुरे, शेती व मासेमारीवर. शेजारच्या पापा वेस्ट्रे बेटावर जाणारे विमान जगातील सर्वांत कमी अंतराचे नियमित प्रवासी उड्डाण म्हणून प्रसिद्ध आहे. अंतर तीन किलोमीटरपेक्षाही कमी, आणि वारा अनुकूल असल्यास प्रवास दोन मिनिटांच्या आत संपतो.

या दोन मिनिटांच्या प्रवासात माणसाच्या वस्तीची पाच हजारांहून अधिक वर्षे खाली दिसतात. पापा वेस्ट्रेच्या किनाऱ्यावर नॅप ऑफ हॉवर येथे दगडी भिंतींची दोन घरे आजही उभी आहेत. एकमेकांना लागून असलेल्या या घरांना जोडणारी आतली वाट आहे, भिंतीत दगडी फडताळे आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे ३७०० ते २८०० या काळात तेथे शेतकरी कुटुंब राहत होते. उत्तर युरोपातील आजवर उभ्या राहिलेल्या सर्वांत प्राचीन दगडी घरांत त्यांची गणना होते. वेस्ट्रेवर लिंक्स ऑफ नॉल्टलंड नावाच्या वाळूच्या टेकड्यांत नवाश्मयुगीन आणि कांस्ययुगीन वस्ती सापडली आहे. वाऱ्याने वाळू उडून जाऊ लागली, तसतसे तिचे अवशेष उघडे पडले. २००९ मध्ये तेथे चारएक सेंटिमीटर उंचीची, वालुकाश्मात कोरलेली एक मानवी मूर्ती मिळाली. स्कॉटलंडमध्ये सापडलेले मानवी चेहऱ्याचे हे सर्वांत जुने अंकन मानले जाते. बेटावरचे लोक तिला प्रेमाने ‘वेस्ट्रेची बायको’ म्हणतात.

ही घरे बांधणारे आणि ती मूर्ती घडवणारे लोक म्हणजेच वेस्ट्रेची मूळ घराणी, असे कोणालाही सहज वाटेल. दगड, मातीची भांडी आणि दफने यांवरून पुरातत्त्वज्ञांचाही बराच काळ असा समज होता, की ऑर्कनीची वाट उर्वरित ब्रिटनहून वेगळी राहिली असावी. इसवी सनपूर्व २५०० च्या सुमारास ब्रिटनमध्ये युरोप खंडातून नव्या लोकांचे मोठे स्थलांतर झाले. घंटेच्या आकाराच्या त्यांच्या मातीच्या चंबूंवरून त्यांना ‘बीकर’ लोक असे नाव पडले. या स्थलांतरानंतर ब्रिटनमधील सुमारे नव्वद टक्के आनुवंशिक वारसा काही शतकांत बदलून गेला, असे प्राचीन डीएनएच्या अभ्यासातून दिसते. ऑर्कनीत मात्र बीकर लोकांच्या वस्तू फारशा मिळत नाहीत. वस्तू नाहीत, म्हणजे माणसेही आली नसावीत, असा तर्क होता.

२०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हा तर्क खोटा ठरवला. ऑर्कनीच्या वायव्य भागातील २२ कांस्ययुगीन आणि ३ लोहयुगीन व्यक्तींच्या अवशेषांतून डीएनए मिळवून त्याची तुलना ऑर्कनीतील नवाश्मयुगीन दफनांशी करण्यात आली. कांस्ययुगातील बहुतेकांच्या जीनोममध्ये काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशातून आलेल्या पूर्वजांचा मोठा अंश होता. म्हणजे नवे लोक ऑर्कनीतही आले होते आणि मोठ्या संख्येने आले होते. त्यांच्या आगमनाची खूण भांड्यांत उमटली नव्हती, इतकेच.

खरे आश्चर्य पुढे होते. वाय गुणसूत्र वडिलांकडून मुलाकडे जाते आणि तंतुकणिकांतील डीएनए आईकडून अपत्यांकडे. या दोन धाग्यांवरून पितृपरंपरा आणि मातृपरंपरा स्वतंत्रपणे तपासता येतात. युरोपात इतरत्र कांस्ययुगात जुन्या पितृपरंपरा बहुतांशी नाहीशा होऊन नव्या आलेल्या दिसतात. वेस्ट्रेवर उलट घडले. तेथील बहुतेक पुरुषांची पितृपरंपरा जुन्या नवाश्मयुगीन शेतकऱ्यांचीच राहिली, तर मातृपरंपरांपैकी बहुसंख्य नव्याने आलेल्या होत्या. याचा सरळ अर्थ असा, की बेटावरील जुन्या घराण्यांत कित्येक पिढ्या बाहेरून स्त्रिया येत राहिल्या. घर, गोठा, जमीन मुलाकडे गेली आणि सून समुद्रापलीकडून आली. उत्तर आणि मध्य युरोपात असे दुसरे उदाहरण या संशोधनाच्या वेळेपर्यंत आढळले नव्हते. लोहयुगापर्यंत मात्र त्या पितृपरंपराही क्षीण झाल्याची चिन्हे दिसतात.

त्यानंतरही बेटावर माणसे येतच राहिली. इसवी सनाच्या आठव्या-नवव्या शतकांत नॉर्वेहून व्हायकिंग आले आणि स्थायिक झाले. वेस्ट्रेचे मुख्य गाव असलेल्या पिअरोवॉलच्या वाळूत त्यांची दफने सापडली आहेत. पुढची काही शतके ऑर्कनी नॉर्वेच्या राजसत्तेखाली होते आणि तेथे नॉर्न नावाची नॉर्डिक भाषा बोलली जात होती. १४६८ मध्ये डेन्मार्क व नॉर्वेचा राजा पहिला ख्रिस्तियन याने आपली कन्या मार्गारेट हिच्या हुंड्यापोटी ऑर्कनी बेटे स्कॉटलंडकडे गहाण ठेवली. हुंड्याची रक्कम चुकती झाली नाही आणि १४७२ मध्ये बेटे स्कॉटलंडच्या राज्यात विलीन झाली. मग मुख्य भूमीवरून स्कॉट जमीनदार, धर्मोपदेशक, कारागीर आणि कुळे आली. नॉर्न भाषा हळूहळू मागे पडून अखेर लुप्त झाली. तिची आठवण गावांच्या नावांत राहिली, आणि गावांवरून पडलेल्या आडनावांतही. रेंडॉल, लिंकलेटर, इस्बिस्टर ही ऑर्कनीची आडनावे मुळात तेथील ठिकाणांची नावे आहेत. गावाच्या नावाला ‘कर’ जोडून आडनाव करणाऱ्या मराठी वाचकांना ही पद्धत परकी वाटणार नाही.

आता ‘वेस्ट्रेची मूळ घराणी कोणती’ या प्रश्नाकडे पुन्हा पाहावे. नवाश्मयुगीन शेतकऱ्यांची? त्यांच्या पितृपरंपरा लोहयुगापर्यंतच विरळ झाल्या होत्या. कांस्ययुगात आलेल्या स्त्रियांची? त्यांची मुळे हजारो किलोमीटर पूर्वेला आहेत. व्हायकिंगांची? ब्रिटनमधील लोकांच्या जनुकीय रचनेचा मोठा अभ्यास २०१५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार ऑर्कनीवासीयांच्या वारशात नॉर्वेचा वाटा सुमारे पंचवीस टक्के आहे, म्हणजे पाऊण हिस्सा इतरांचा. ‘मूळ’ या शब्दाला चिकटून राहायचे ठरवले तर प्रत्येक उत्तराच्या मागे आणखी एक नाव, आणखी एक होडी उभी राहते.

त्याच अभ्यासात दुसरी एक गोष्ट आढळली आणि वरकरणी ती याच्या अगदी विरुद्ध वाटते. ज्यांचे चारही आजी-आजोबा एकाच ग्रामीण परिसरातले होते अशा दोन हजारांहून अधिक व्यक्तींचे जनुकीय नमुने संगणकाने केवळ साम्यावरून गटांत विभागले. एकंदर सतरा गट पडले. मध्य आणि दक्षिण इंग्लंडच्या विस्तीर्ण प्रदेशासाठी एकच मोठा गट पुरला. ऑर्कनीसाठी मात्र तीन गट लागले आणि त्यांतला एक होता वेस्ट्रे. एवढे मिश्र पूर्वज असलेले बेट इतके वेगळे कसे उठून दिसते?

उत्तर लोकसंख्येच्या लहानपणात आहे. एखादी वस्ती मोजक्या कुटुंबांपासून वाढते आणि पुढे कित्येक पिढ्या विवाह बहुतांशी त्याच वर्तुळात होतात, तेव्हा त्या पहिल्या कुटुंबांत योगायोगाने असलेले जनुकीय भेद वस्तीत ठळक होत जातात. याला संस्थापक प्रभाव म्हणतात. लाखोंच्या शहरात एकाच माणसात असलेला भेद नगण्य असतो. चारशे प्रौढांच्या वस्तीत तोच भेद एका माणसात असला, तर त्याचे प्रमाण आरंभीच चारशेत एक होते. त्या माणसाची अधिक मुले जगली, त्या मुलांनाही अधिक मुले झाली, तर काही पिढ्यांत ते प्रमाण शंभरात एक होण्यास वेगळ्या कारणाची गरज उरत नाही. तो भेद हितकारक असावा लागत नाही आणि तो पसरण्यात कोणाचा दोषही नसतो. म्हणून वेस्ट्रेचे वेगळेपण प्राचीन शुद्धतेचा पुरावा ठरत नाही. अनेक प्रवाह मिसळून झाल्यानंतर, अलीकडच्या काही शतकांत लहान वर्तुळात राहिल्याचा तो परिणाम आहे.

बीआरसीए-१ मधील दोषाची कथा याच प्रक्रियेची आहे. हे जनुक प्रत्येक माणसात असते आणि डीएनएला झालेली मोडतोड दुरुस्त करण्याच्या कामात त्याचा वाटा असतो. त्याची एक प्रत निकामी असली, तर दुरुस्तीची ही व्यवस्था लंगडी पडू शकते. अशा सदोष प्रतींच्या वाहक स्त्रियांपैकी साठ टक्क्यांहून अधिक जणींना आयुष्यात स्तनाचा कर्करोग आणि सुमारे चाळीस टक्के जणींना बीजांडकोशाचा कर्करोग होतो, असे मोठ्या अभ्यासांतून दिसले आहे. दोषाचा परिणाम होण्यास आई-वडील दोघांकडून तो येण्याची गरज नसते. एका पालकाकडून आला तरी पुरतो, आणि वाहकाच्या प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. त्यामुळे जवळच्या नात्यातील विवाहांशी या आजाराचा संबंध जोडणे चुकीचे आहे. वेस्ट्रेवर तो वाढला तो संस्थापक प्रभावामुळे. आजार बहुधा मुले झाल्यानंतरच्या वयात प्रकट होत असल्याने पिढ्यान्‌पिढ्या त्याला अटकावही झाला नाही.

ॲबर्डीनच्या आनुवंशिकी चिकित्सालयात कर्करोगाचा इतिहास असलेली जी कुटुंबे येत होती, त्यांच्यातील काहींत हाच एक भेद पुनःपुन्हा दिसू लागला आणि त्यांची मुळे वेस्ट्रेकडे जात होती. दुसरीकडे ‘ऑर्केडीस’ या नावाने चाललेल्या संशोधन प्रकल्पात ऑर्कनीशी नाते असलेल्या दोन हजारांहून अधिक स्वयंसेवकांनी रक्ताचे नमुने दिले होते. त्यांच्या वंशावळी चर्चच्या आणि जन्म-मृत्यूच्या नोंदींवरून जुळवलेल्या होत्या. चिकित्सालयातली माहिती आणि स्वयंसेवकांची माहिती एकत्र ठेवल्यावर चित्र स्पष्ट झाले. आजचे वाहक एकाच पूर्वजाचे वंशज असून तो पूर्वज किमान अडीचशे वर्षांपूर्वी होऊन गेला असावा, असा निष्कर्ष निघाला. बहुतेक वाहकांना आपले परस्परांशी नाते आहे याची कल्पनाही नव्हती.

येथे वंशावळीचा उपयोग बदलला. एरवी पणजोबांचे गाव ठाऊक असणे हा कौतुकाचा विषय असतो. वेस्ट्रेच्या बाबतीत आजीचे जन्मस्थान ही वैद्यकीय माहिती झाली. कर्करोगाच्या जनुकीय चाचणीसाठी रुग्णालये सामान्यतः कुटुंबातील आजारांचा इतिहास विचारतात. ही पद्धत अनेकांना वगळते. दोष वडिलांकडून आला असेल आणि वडिलांच्या बाजूला स्त्रिया थोड्या असतील, तर घराण्यात कर्करोगाचा मागमूसही दिसत नाही. ‘तुमचे आजी-आजोबा कोठे जन्मले?’ या प्रश्नाला खर्च काहीच नाही, आणि तो विचारल्याने चाचणी योग्य माणसांपर्यंत पोहोचते. चाचणीत दोष आढळल्यास लवकर वयापासून स्तनांची एमआरआय तपासणी, बीजांडकोश वेळीच काढून टाकण्याची शस्त्रक्रिया असे मार्ग उपलब्ध आहेत. कोणता मार्ग घ्यायचा, किंवा चाचणी करायचीच की नाही, हे ती व्यक्ती समुपदेशकाशी बोलून ठरवते.

बेट सोडून गेलेल्यांनाही याचा लाभ आहे, आणि सोडून गेलेले पुष्कळ आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेस्ट्रेवर दोन हजारांहून अधिक माणसे राहत होती. आज त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी उरली आहेत. ऑर्कनीचे तरुण फार पूर्वीपासून कॅनडात जात. १७९९ मध्ये हडसन्स बे कंपनीच्या तेथील ५३० नोकरांपैकी ४१६ जण ऑर्कनीचे होते. त्यांच्याबरोबर गावांची नावे, आडनावे आणि जनुकेही जगभर गेली.

या उपक्रमावर आक्षेप घेता येतात आणि ते क्षुल्लक नाहीत. सहाशे माणसांच्या बेटाचे नाव कर्करोगाच्या जनुकाशी जोडले गेल्यावर तेथील प्रत्येकाकडे संशयाने पाहिले जाईल, ही भीती रास्त आहे. लहान गावात खासगी काही राहत नाही. एका बहिणीने चाचणी केली की दुसरीला नको असलेले उत्तर कळते. शिवाय संशोधनासाठी दिलेल्या रक्तातून निघालेली माहिती देणाऱ्याला कळवावी की नाही, हा प्रश्न युरोपातही सोपा नाही. आइसलँडमध्ये तेथील बीआरसीए-२ दोषाचे वाहक कोण, हे ओळखणे संशोधकांना तांत्रिकदृष्ट्या शक्य होते; पण त्यांनी मागितल्याशिवाय सांगावे काय, यावर अनेक वर्षे वाद चालला. अखेर २०१८ मध्ये तेथे एक संकेतस्थळ सुरू झाले आणि ज्याला हवे त्याने स्वतः विचारून माहिती घ्यावी असा मार्ग निघाला.

तरीही या आक्षेपांचे उत्तर मौन हे असू शकत नाही. बेटाचे नाव लपवले असते तर बदनामीची भीती टळली असती, पण वेळीच उपचार मिळण्याची संधीही गेली असती. नाव उघड करण्यापूर्वी चाचणीची सोय, समुपदेशन आणि खर्चाची व्यवस्था तयार असणे हाच योग्य क्रम आहे. वेस्ट्रेच्या बाबतीत निष्कर्ष आणि चाचणी दोन्ही बरोबर आले, आणि या घटनेतील अनुकरणीय भाग नेमका हाच आहे.

भारताचा संबंध येथे येतो. भारतीयांच्या जनुकीय इतिहासाचा क्रम वेस्ट्रेशी आश्चर्यकारक रीतीने जुळतो, फक्त आकडे कितीतरी मोठे आहेत. हैदराबादची सीसीएमबी ही प्रयोगशाळा आणि हार्वर्डमधील संशोधक यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात उपखंडातील निरनिराळे समूह मोठ्या प्रमाणावर मिसळत होते. त्यानंतर हे मिसळणे थांबत गेले आणि विवाह समूहाच्या आतच होऊ लागले. पश्चिम बंगालमधील राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिकी संस्थेच्या २०१६ च्या अभ्यासानुसार उच्च जातींतील अनेक समूहांत हा बदल सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी घडला. वेस्ट्रेभोवती समुद्र होता. भारतात समुद्राचे काम विवाहाच्या नियमांनी केले. शेजारच्या घरात राहणारी माणसे जनुकीयदृष्ट्या दोन बेटांवर राहत आली.

त्याचा परिणाम २०१७ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मधील अभ्यासात मोजला गेला. दक्षिण आशियातील २६३ समूहांपैकी ८१ समूहांत संस्थापक प्रभाव अश्केनाझी ज्यू आणि फिनलंडचे लोक यांच्यापेक्षाही तीव्र आढळला. हे दोन समाज जगातील वैद्यकीय आनुवंशिकीच्या पुस्तकांत संस्थापक प्रभावाची ठरलेली उदाहरणे आहेत. त्या ८१ समूहांपैकी १४ समूहांची लोकसंख्या प्रत्येकी दहा लाखांहून अधिक आहे. आज मोठ्या दिसणाऱ्या समाजाचे मूळ मोजक्या कुटुंबांत असू शकते, आणि त्या कुटुंबांतील एखादा दुर्मीळ दोष आज हजारो घरांत असू शकतो.

याची उदाहरणे डॉक्टरांना ठाऊक आहेत. आंध्र-तेलंगणातील वैश्य समाजात ब्युटिरिलकोलिनेस्टरेज या विकराची कमतरता इतर समूहांपेक्षा सुमारे शंभर पट अधिक आढळते. अशा व्यक्तीला शस्त्रक्रियेपूर्वी स्नायू शिथिल करणारे एक नेहमीचे औषध दिले, तर त्याचा परिणाम वेळेवर ओसरत नाही आणि श्वासोच्छ्वास थांबण्याचा धोका निर्माण होतो. त्या भागातील जाणकार भूलतज्ज्ञ म्हणूनच रुग्णाचा समाज विचारतात. वेस्ट्रेवरच्या आजीच्या जन्मस्थानासारखाच हा प्रश्न आहे, आणि त्यामुळे जीव वाचतो. अगरवाल समाजात मेंदूच्या श्वेतद्रव्याच्या एका दुर्मीळ आजाराचा संस्थापक दोष ओळखला गेला आहे. तेथे आजार होण्यास आई-वडील दोघेही वाहक असावे लागतात. म्हणजे विवाहापूर्वी किंवा गर्भधारणेपूर्वीची तपासणी कुटुंबाला निर्णयाची संधी देते. अश्केनाझी ज्यू समाजाने १९७० च्या दशकापासून स्वेच्छेने तपासणी स्वीकारून टे-सॅक्स या बालकांच्या प्राणघातक आजाराचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटवले आहे.

भारताने ज्ञान मिळवण्याच्या दिशेने मोठे पाऊल उचलले आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘जीनोमइंडिया’ प्रकल्पात ८३ लोकसमूहांतील सुमारे दहा हजार व्यक्तींच्या संपूर्ण जीनोमचे वाचन झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये ही माहिती फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्राद्वारे संशोधकांना खुली झाली. ही कामगिरी अभिमानास्पद आहे. वेस्ट्रेच्या अनुभवावरून मात्र पुढचा प्रश्न विचारला पाहिजे. एखाद्या समूहात गंभीर पण टाळता येण्याजोगा दोष ठळकपणे आढळला, तर ती बातमी शोधनिबंधातून त्या समूहातील घरांपर्यंत कोणत्या वाटेने जाईल? जिल्हा रुग्णालयात चाचणी असेल काय? निकाल मातृभाषेत समजावून सांगणारा समुपदेशक असेल काय? विमा कंपनी आणि नोकरी देणारा यांच्यापासून संरक्षण असेल काय? आनुवंशिक प्रवृत्तीच्या कारणावरून आरोग्यविमा नाकारणे घटनाबाह्य असल्याचा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला; परंतु आनुवंशिक भेदभावाविरुद्ध स्वतंत्र, सर्वंकष कायदा भारतात अद्याप नाही.

जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहिमेत सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. समूहनिहाय तपासणी भारतातही राबवता येते, हे त्यातून दिसते. पण वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, ही साधी गोष्ट प्रत्येक घरात पोहोचली नाही तर तपासणीचे कार्ड हेच विवाह मोडण्याचे कारण होऊ शकते, आणि अशा वेळी दोष बहुधा मुलीच्या माथी मारला जातो. म्हणून चाचणीइतकेच महत्त्व तिच्याबरोबर होणाऱ्या बोलण्याला आहे.

भारतात आणखी एक धोका आहे. समूहांची जनुकीय माहिती येथे फार लवकर श्रेष्ठत्वाच्या वादात ओढली जाते. कोण आधी आले, कोणाचे रक्त शुद्ध, कोण बाहेरचे, या प्रश्नांची उत्तरे प्राचीन डीएनएकडून मागितली जातात. ज्या प्रभावामुळे एखादा समूह जनुकीय नकाशावर वेगळा उठून दिसतो, त्याच प्रभावामुळे त्याच्यात आनुवंशिक आजार साचतात, हे अशा वेळी विसरले जाते. वेगळेपणाचा अभिमान बाळगायचा तर त्याबरोबर आलेला धोकाही स्वीकारावा लागतो. आणि असा धोका कोणत्या ना कोणत्या रूपात बहुतेक सर्वच समूहांत असल्याने, त्यावरून दुसऱ्याला हिणवण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी समाजमाध्यमांवरील ‘मूळ वंशा’चे दावे वाचताना वेस्ट्रेचा नकाशा आठवावा. तो एकाच वेळी अत्यंत वेगळा आणि अत्यंत मिश्र आहे.

मोठ्या प्रकल्पांच्या आखणीतच काही गोष्टी ठरून गेल्या पाहिजेत. नमुना घेतानाच देणाऱ्याला विचारावे, की त्याच्या आरोग्याशी संबंधित आणि उपाय असलेली माहिती निघाली तर ती त्याला हवी आहे काय. ज्या समूहाचे नाव निष्कर्षात येणार, त्याच्या प्रतिनिधींशी प्रसिद्धीपूर्वी बोलणे व्हावे. चाचणीची स्वस्त सोय जवळच्या सरकारी रुग्णालयात असावी. यातील कोणतीही गोष्ट तंत्रज्ञानाच्या आवाक्याबाहेरची नाही. सहाशे लोकांच्या बेटासाठी जे करता आले, ते दहा लाखांच्या समाजासाठी करणे अधिक खर्चाचे असेल, पण त्याची गरजही तितकीच मोठी आहे.

लिंक्स ऑफ नॉल्टलंडच्या टेकड्यांवरून वारा आजही वाळू उडवून नेतो आणि खालच्या भिंती उघड्या पडत राहतात. तेथे सापडलेली ती चार सेंटिमीटरची मूर्ती पिअरोवॉलच्या वारसा केंद्रात, बेटावरच्या लोकांच्या हाती ठेवण्यात आली आहे. बेटावरच्या लोकांच्या रक्तातून मिळालेले ज्ञानही त्यांच्याकडे परत गेले आहे, आणि त्या ज्ञानामुळे एखाद्या घरातील मुलगी तिच्या आजीच्या वाट्याला आलेल्या आजारातून वाचू शकेल. भारतातील दहा हजार जीनोमचा हिशेबही अखेर याच मापाने व्हायला हवा.

#विज्ञान #आनुवंशिकी #जीनोमइंडिया #संस्थापकप्रभाव